मत्स्यालय, घरगुती (गोड्या पाण्याचे) : खानदेश

गोड्या पाण्यातील शोभेचे मासे व पाणवनस्पती काचेच्या पेटीत एकत्र वाढविण्याची व्यवस्था. बोलण्यात ‘फिश टँक’ किंवा ‘ॲक्वेरियम’ हेच शब्द रूढ आहेत. प्रस्तुत नोंदीत जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील पाणी आणि हवामान धरून विवेचन केले आहे. येथील कठीण, अल्कधर्मी पाणी आणि कडक उन्हाळा यांमुळे मुंबई-पुण्याकडचे पुष्कळ ठोकताळे येथे लागू पडत नाहीत.

इतिहास : शोभेसाठी मासे पाळण्याची परंपरा चीनमध्ये सर्वांत जुनी असावी. सोनमाशाचे निवडक प्रजनन तेथे सुंग काळापर्यंत (सु. ९६०–१२७९) स्थिरावलेले दिसते; मात्र ते मासे तळ्यांत व मातीच्या कुंडांत असत. भारतीय परंपरा दाखविण्यासाठी चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास (सु. ११२९) या ग्रंथातील मत्स्यविनोदाचा उल्लेख केला जातो. तो भाग मुख्यतः गळाने मासे पकडण्याच्या छंदाविषयी आहे, त्यामुळे त्यात मत्स्यालयाचे मूळ शोधणे योग्य वाटत नाही.

काचपेटीचा जनक कोण, यावर एकमत नाही. झान व्हीलप्र-पॉवर यांनी १८३२ च्या सुमारास सिसिलीत सागरी जीवांच्या निरीक्षणासाठी काचेच्या पेट्या वापरल्या. ॲना थिन यांनी १८४६ पासून लंडनमध्ये प्रवाळ जगविले. रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती व गोगलगायी एका पेटीत ठेवल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ‘ॲक्वेरियम’ हा शब्द फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ च्या पुस्तकामुळे रुळला. निव्वळ काचेचे भांडे हाच निकष धरला, तर अग्रमान व्हीलप्र-पॉवर यांच्याकडे जातो. वनस्पती व प्राणी एकमेकांना तारून नेतात ही कल्पना निकष मानली, तर तो वॉरिंग्टन यांच्याकडे जातो आणि घरगुती मत्स्यालयाच्या दृष्टीने दुसरा निकष अधिक सयुक्तिक आहे. महाराष्ट्रात मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले.

नायट्रीकरण : वनस्पती ऑक्सिजन देतात म्हणून पाणी शुद्ध राहते, हे वॉरिंग्टन यांचे स्पष्टीकरण अपुरे होते. माशांच्या कल्ल्यांतून व कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया निघतो. जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. अमोनिया व नायट्राइट थोड्या प्रमाणातही घातक असतात, तर नायट्रेट बरेच सुसह्य असते. हे जीवाणू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे केले. पुढे दीर्घकाळ नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर ही जोडीच पुस्तकांत दिली जाई. १९९० नंतरच्या जनुकीय तपासण्यांत मात्र मत्स्यालयांच्या गाळण्यांत नायट्राइटचे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतो असे दिसले. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा पूर्ण प्रवास एकटाच करणारे नायट्रोस्पायरा असतात, हे २०१५ मध्ये दाखविले गेले. काही गाळण्यांत अमोनियाचे काम आर्किया या जीवाणूंहून वेगळ्या गटातील सूक्ष्मजीवही करतात. जुनी जोडी अजून छापली जाते, पण नायट्रोस्पायराचे पारडे जड आहे.

नव्या पेटीत हे जीवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. पाणी २८° से. च्या आसपास असेल तर काही दिवस कमी लागतात. चालू, निरोगी पेटीतील गाळणीचा स्पंज आणून नव्या गाळणीशेजारी ठेवल्यास हा काळ निम्म्यावर येऊ शकतो. पाणी भरलेल्या, पण मासे नसलेल्या पेटीत चिमूटभर खाद्य कुजवून हे चक्र सुरू करावे. अमोनिया व नायट्राइट या दोन्हींची चाचणी शून्य दाखवीपर्यंत मासे आणू नयेत. नव्या पेटीतले मासे पहिल्या महिन्यात मरतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. दोष मात्र दुकानदाराला किंवा नशिबाला दिला जातो.

पाणी : खानदेशातील विहिरी व बोअर काळ्या बेसाल्टात किंवा तापीच्या गाळात उतरलेल्या आहेत. हे पाणी सहसा दुष्फेन (कठीण) असते : साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही, बादलीच्या काठावर पांढरी खार धरते. वाघूर, हतनूर, गिरणा या धरणांचे नळाचे पाणी त्या मानाने सौम्य असते. टीडीएस मीटर एकूण विरघळलेले क्षार दाखवितो, कठिनता नव्हे. तिच्यासाठी थेंबांची चाचणी घ्यावी.

अशा पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कधर्मितेचे माप; ७ म्हणजे उदासीन) ८ च्या आसपास असतो आणि खरा धोका तेथेच आहे. पाण्यातील अमोनियाचा विषारी, अनायनित (विद्युतभार नसलेला) अंश पीएच ७ व २५° से. ला सुमारे ०.६ टक्के असतो, पीएच ८.२ व ३२° से. ला तो सुमारे १३ टक्के होतो. म्हणजे चाचणीत तोच आकडा दिसत असताना मे महिन्यातील जळगावच्या पेटीत विष वीसपटींहून अधिक असते. कठीण पाण्याची जमेची बाजूही मोठी आहे. नायट्रीकरणात अल्कता (आम्ल शोषून घेण्याची पाण्याची क्षमता) खर्च होते (१ मिग्रॅ. अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिग्रॅ.), आणि येथे ती भरपूर असल्याने पीएच अचानक कोसळण्याचा प्रकार क्वचितच घडतो.

पीएच उतरविणारे आम्लाचे थेंब येथे वापरू नयेत. अल्कता शिल्लक असेपर्यंत पीएच पुन्हा वर येतो आणि मासे त्या चढउतारानेच खचतात. पाणी सौम्यच करायचे असेल तर आरओचे पाणी मिसळावे. निम्मे-निम्मे मिसळल्यास कठिनताही साधारण निम्मी होते. आरओ यंत्राच्या सांडपाण्याच्या नळीतले पाणी मात्र कधीही भरू नये, त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात.

नळाच्या पाण्यातील क्लोरिनसाठी सोडियम थायोसल्फेट (फोटो स्टुडिओतील ‘हायपो’) वापरावे. १० ग्रॅम हायपो १०० मिलि. पाण्यात विरघळवून ठेवावे. क्लोरिन लिटरला २ मिग्रॅ. पर्यंत असेल तर १० लिटरच्या बादलीला दीड मिलि. पुरते. पावसाळ्यात पाणी गढूळ आले की ब्लीचिंग पावडरचे प्रमाण वाढते. तेव्हा बादली एक दिवस हवेच्या पंपावर ठेवून मगच वापरावी.

मांडणी : सुरुवातीला दोन फुटी पेटी (६०×३०×३० सेंमी., सु. ५४ लि.) घ्यावी, लहान पेटी स्वस्त पडते, पण तापते व बिघडते लवकर. वाळू-दगडांसह वजन ७० किग्रॅ. च्या पुढे जाते, म्हणून बैठक सपाट हवी व खाली थर्मोकोलचा ताव हवा. गिरणा-तापीच्या वाळूत चुनखडीचे खडे मिसळलेले असतात. मूठभर वाळू वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाकावे. बुडबुडे उठले तर ती वाळू पाणी आणखी कठीण करील. काळा बेसाल्ट निर्धोक आहे, पण जळगाव परिसरातील खाणींतून मिळणाऱ्या झिओलाइटच्या स्फटिकांबरोबर कॅल्साइट (चुनखडीचे खनिज) असू शकतो, म्हणून त्यांनाही हीच परीक्षा लावावी. दोन फुटी पेटीला हवेच्या पंपावर चालणारी स्पंज गाळणी पुरते. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा. खाली ठेवल्यास वीज जाताच नळीतून पाणी उलटे उतरते.

उन्हाळा : पाणी तापते तसा त्यात मावणारा ऑक्सिजन घटतो : २०° से. ला लिटरला सुमारे ९.१ मिग्रॅ., तर ३२° से. ला ७.३. माशांची गरज त्याच वेळी वाढलेली असते. मासे पृष्ठाशी येऊन तोंडे उघडमीट करू लागले, तर आधी हवा वाढवावी, खाद्य बंद ठेवावे आणि चौथाई पाणी बदलावे. झाकण काढून जाळी लावावी आणि पृष्ठावर तिरका १२ व्होल्टचा छोटा पंखा सोडावा. कोरड्या हवेत पाणी २ ते ४ अंशांनी उतरते. पावसाळी दमट हवेत हा उपाय फिका पडतो.

पंख्याने दिवसाला लिटरभर पाणी उडते, क्षार मात्र मागे राहतात. ५० लि. पेटीत रोज १ लि. बोअरचे, ८०० टीडीएसचे पाणी भरले तर दररोज १६ ने, महिन्यात सुमारे ४८० ने टीडीएस चढतो. म्हणून उडालेली भर आरओच्या पाण्याने करावी, आणि आठवड्याचा चौथाई बदल नेहमीच्या पाण्याने. गच्चीवरच्या काळ्या टाकीचे पाणी दुपारी चटका बसण्याइतके तापते. बदलासाठी पाणी पहाटे भरून सावलीत ठेवावे. फरक २ अंशांपेक्षा जास्त नको.

वीज गेल्यास स्पंज गाळणी काही तास टिकते. बंद डब्याच्या गाळणीतले जीवाणू गुदमरून कुजतात. कित्येक तासांनी ती तशीच सुरू केल्यास घाण पेटीत उतरते, म्हणून आतला स्पंज पेटीच्या पाण्यात पिळून मगच चालू करावी. डासांचा फवारा खोलीत मारताना पंप बंद करून पेटी झाकावी. त्यातील पायरेथ्रॉइडे माशांना अत्यंत विषारी असतात. कपाशीवर फवारणी करून आलेल्या हातांनी पेटीला स्पर्शही करू नये.

वनस्पती : व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला व सेराटोफायलम बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकतात, त्यामुळे कठीण पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइडच्या टाकीवाचून जोमाने वाढतात. पानांवर पांढरी, खरखरीत साय दिसते ती रोगाची नसून चुन्याची असते. अनुबियास व जावा फर्न दगडाला दोऱ्याने बांधावेत. खोड वाळूत पुरल्यास कुजते. उजेड रोज ७ ते ८ तास पुरे. खिडकीच्या उन्हात पेटी हिरवी होते व तापतेही.

मासे : पाण्याला माशाजोगे करण्यापेक्षा पाण्याजोगे मासे निवडावेत. गप्पी, मॉली, प्लॅटी व स्वोर्डटेल येथे उत्तम राहतात. मॉलीला तर कठीण पाणी मानवतेच. निऑन टेट्रा व डिस्कस बोअरच्या पाण्यात ठेवणे म्हणजे त्यांचा छळ आहे. सोनमाशाला १८ ते २४° से. सोसते, म्हणून वातानुकूलनाशिवाय खानदेशी उन्हाळ्यात तो घेऊ नये. गोल भांड्यात तर मुळीच नको. दोन फुटी पेटीत १२ ते १५ गप्पी पुरेत. नर-मादी एकत्र असल्यास साधारण चार आठवड्यांनी पिल्ले होतात, म्हणून केवळ नर ठेवणे सोयीचे. खाद्य दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे.

गप्पीचे पहिले शास्त्रीय वर्णन प्राणिशास्त्रज्ञ पीटर्स यांचे (१८५९). त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी यांच्यावरून ग्युंटर यांनी १८६६ मध्ये दिलेले नाव शास्त्रात मागे पडले, पण लोकांच्या तोंडी तेच राहिले. भारतात हा मासा १९०८ च्या सुमारास आल्याचे मानले जाते. डासनियंत्रणासाठी तो हौदांत सोडला जातो. नदी-नाल्यांत सोडल्यास स्थानिक लहान माशांवर ताण येतो. सकर कॅटफिश हा शोभेचा मासा तर देशातील अनेक जलाशयांत पसरला आहे. नकोसे झालेले मासे तापी, पांझरा किंवा गावतळ्यात सोडू नयेत. दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत.

रोग : डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा एकदम उतरला की अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके (इक) दिसतात. ५०–६० लि. पेटीला १०० वॉटचा हीटर पुरतो. तापमान दिवसाला १–२ अंशांनी ३०° से. पर्यंत चढवावे, हवा वाढवावी, लिटरला १ ते २ ग्रॅम मीठ विरघळवून थोडेथोडे घालावे. ठिपके दिसेनासे झाल्यावरही उपचार १० ते १४ दिवस चालू ठेवावा. परजीवी माशावरून गळून तळाशी वाढत असतो आणि औषधाचा परिणाम त्याच्या पाण्यात पोहणाऱ्या अवस्थेवरच होतो. मिठाने व्हॅलिस्नेरिया गळते, म्हणून आधी ती दुसऱ्या भांड्यात काढावी.