स्मार्ट इमारतीची परीक्षा कशी घ्यावी?

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील 'एर्डा' ही संस्था १९७४ पासून विद्युत उपकरणांच्या संशोधनाचे व चाचण्यांचे काम करते. तेथे आलेला ट्रान्सफॉर्मर किती तापतो हे मोजून तो उत्तीर्ण की अनुत्तीर्ण ते सांगता येते. दिवे, हवा वगैरे सेन्सरच्या मदतीने स्वतःच सांभाळणारी, 'स्मार्ट' म्हणवणारी अख्खी इमारत मात्र प्रयोगशाळेत नेता येत नाही, आणि तिचे वागणे आतल्या माणसांगणिक बदलत राहते. मग प्रमाणपत्र कशाच्या आधारे द्यायचे?

अलकापुरीतील एका कार्यालयात हिशेब तपासत बसलेल्या बाईंच्या डोक्यावरचा दिवा थोड्या थोड्या वेळाने विझत असे आणि त्या मान वर न करताच हात हलवून तो पुन्हा लावून घेत. छतातला सेन्सर माणूस ओळखत नाही. शरीराची उष्णता त्याच्या नजरेच्या एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली, तरच त्याला ते कळते. उपकरणांच्या यादीत मात्र या सोयीपुढे बरोबरची खूण नक्कीच झाली असणार.

युरोपीय संघाने २०१८ मध्ये कायद्यात आणलेला स्मार्ट सज्जतेचा निर्देशांक अशा खुणांपुढे जातो. वायुवीजन हाताने चालते, घड्याळावर, माणसांच्या उपस्थितीवर की खोलीतील हवेच्या प्रतीवर, अशा चढत्या पायऱ्या तो लावतो. तरीही तो इमारतीची क्षमता मोजतो, वागणूक नव्हे. उलट आपल्या ऊर्जा दक्षता ब्युरोचे २००९ पासूनचे तारांकन व्यापारी इमारतीने वर्षभरात दर चौरस मीटरमागे प्रत्यक्ष किती वीज वापरली ते पाहते. हे मला अधिक प्रामाणिक वाटते. पण ताजी हवा कमी घेऊनही तो आकडा खाली आणता येतो.

हवेचे मोजमाप म्हणूनच कळीचे आहे. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सुमारे ४२० भाग असतो. बंद बैठकीच्या खोलीत तो सहज हजारावर जातो. कालांतराने सेन्सरचे माप सरकते. ते सावरण्यासाठी बरेच सेन्सर गेल्या काही दिवसांतील सर्वांत कमी नोंद म्हणजेच बाहेरची हवा, असे धरून चालतात. रात्री रिकाम्या होणाऱ्या कार्यालयात हे चालून जाते, पण चोवीस तास माणसांचा राबता असलेल्या रुग्णालयात हे गृहीतकच चुकते. सेन्सर कमी आकडा दाखवतो, पंखे मंदावतात आणि पडद्यावर सारे आलबेल दिसते.

त्यामुळे परीक्षकाने मे महिन्याच्या दुपारी, भरलेल्या खोलीत स्वतःचे मापयंत्र टेबलावर ठेवावे. एखादा सेन्सर मुद्दाम काढून इमारत ते कोणाला आणि किती वेळात कळवते ते पाहावे. आणि प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाच्या वेळी हे सगळे पुन्हा करावे, असे मानकातच लिहिलेले हवे.