थंडीत न उठणारा संगणक

बेळगावात शहापूरला ओळखीचा एक छापखाना आहे. तिथे लग्नपत्रिकांची जुळणी अजून एका जुन्या डेस्कटॉपवर होते. पत्रिकेची एक बाजू मराठी, दुसरी कन्नड. डिसेंबरात काकांचा फोन आला. "पंखा फिरतोय, पण स्क्रीनवर काय येईना बघ. चार-पाच वेळा बटण दाबलं की मग उठतंय." दुपारी मात्र काही तक्रार नसायची. गारठ्यात अडणारा आणि ऊन वर आल्यावर सुरळीत चालणारा संगणक दिसला की माझा पहिला संशय कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून धरणाऱ्या डबीवर जातो.

संगणकाचा डबा उघडला. प्रोसेसरच्या कडेला उभ्या असलेल्या या डब्यांपैकी तिघींची डोकी फुगली होती. एकीच्या माथ्यावरच्या फुलीतून तपकिरी खपली बाहेर आली होती. ही फुली कारखान्यातच कोरलेली असते. आत वायू साचला तर डबीचा स्फोट होण्याआधी ती तिथे उकलते.

डबीत ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये द्रवात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. एका पट्टीवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर असतो, व्होल्टमागे जेमतेम दीड नॅनोमीटर जाडीचा. वीज अडवून धरतो तो हाच. तो इतका पातळ असतो, म्हणून तर एवढ्याशा डबीत एवढा विद्युतभार मावतो.

आणि तो लागतोच. एसएमपीएसकडून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, 12 व्होल्ट येतात, प्रोसेसरला हवा असतो साधारण सव्वा व्होल्ट. 65 वॅटचा प्रोसेसर पूर्ण जोरात चालला की सव्वा व्होल्टला 52 अँपिअर ओढतो. घरातला 2,000 वॅटचा गिझर 9 अँपिअरवर भागवतो, यावरून अंदाज यावा. हा कमी दाब मिळवण्यासाठी मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग बसतात ती मुख्य पाटी, 12 व्होल्ट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतो. मधल्या खंडात प्रोसेसरला वीज पुरवायची ती कपॅसिटरने. नळाचं पाणी थांबलं की गच्चीवरच्या टाकीने घर चालवावं, तसंच.

द्रव आटला की टाकी लहान होते आणि तिचा पाइपही चोंदतो, म्हणजे आतला विरोध वाढतो. थंडीत उरलासुरला द्रवही वीज नीट वाहू देत नाही. दोन-चार वेळा बटण दाबून डब्या जरा ऊबदार झाल्या की काम चालतं. काकांची सकाळ अशीच जात होती.

यात उष्णतेचा हिशेब सोपा आहे. डबीवर 105 अंश छापलेलं असतं. त्या तापमानाला आयुष्य 2,000 तास धरलं, तर दर 10 अंश कमी झाले की ते ढोबळमानाने दुप्पट होतं. 65 अंशांना 32,000 तास. रोज दहा तास, वर्षाचे 300 दिवस धरले तर दहा वर्षं निघतात. तापमान 75 वर गेलं की पाच. छापखान्यात कागदाची भुकटी उडतच असते. प्रोसेसरवरच्या पंख्याखालून मी तिचा वाकळेसारखा जाड थर उचलून काढला, अख्खाच्या अख्खा.

नवा संगणक का नाही? जुळणीच्या जुन्या सॉफ्टवेअरचं कुलूप, म्हणजे डोंगल, प्रिंटरच्या रुंद पोर्टलाच बसतं. शिवाय युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधल्या वर्षानुवर्षांच्या फाइली. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या तर अक्षरांची नुसती रोमन खिचडी दिसते. म्हणून त्याच पिढीचा, तो पोर्ट असलेला जुना बोर्ड शोधला.

यात जमवावं लागतं ते पिढीचं गोत्र. प्रोसेसर बसतो ते एलजीए 775 हे सॉकेट 2004 चं. डीडीआर2 आणि डीडीआर3 दोन्ही रॅमना 240 पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही 1.8 व 1.5 असं वेगळं. रॅम बसत नसेल तर जोर लावू नये. स्क्रूची भोकं मात्र सहसा जुळतात, कारण बोर्डाचं एटीएक्स हे माप 1995 पासून टिकून आहे. बोर्डाखालचे पितळी खांब मोजून घ्यावेत. भोक नाही तिथे खांब राहिला तर बोर्डाची मागची बाजू त्याला टेकून शॉर्ट होते. सगळ्यात जास्त जपायचं ते सॉकेट. त्यातल्या 775 पिना केसासारख्या बारीक. मी प्रोसेसर ठेवताना श्वास रोखून धरतो.

पहिल्यांदा चालू केल्यावर विंडोज निळ्या पडद्यावर आपटलं. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआय होती, काकांच्या मूळ बोर्डावर आयडीई. ती बदलल्यावर गाडी पुढे गेली. घड्याळ 1 जानेवारी 2009 दाखवत होतं, कारण बोर्डावरचा 3 व्होल्टचा सेल संपला होता. सेकंदाला 32,768 ठोके देणारा तिथला क्वार्ट्झचा स्फटिक संगणक बंद असताना त्याच्यावरच चालतो. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून नवा सेल आणला, तारीख घातली. काकांनी अर्धवट राहिलेली पत्रिका उघडली आणि आधी कन्नड बाजूची जोडाक्षरं नीट आहेत का ते बघितलं.