ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस आणि नॅनोमेडिसिन

ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणजे आमवात, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. नॅनोमेडिसिनमध्ये साधारण १ ते १०० नॅनोमीटरच्या, कधी त्याहून मोठ्या, कणांमधून औषध सांध्यापर्यंत न्यायचं किंवा आजार शोधायचा.

औषधं आहेतच, प्रॉब्लेम असा की ती अंगभर फिरतात. या आजाराचं नेहमीचं औषध मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं तरी मळमळ, तोंडात फोड, लिव्हरवर ताण हे होतं, आणि स्टेरॉइड लांबलं की हाडं ठिसूळ. गंमत म्हणजे वाट आजारच करून देतो: सुजलेल्या सांध्याच्या आतल्या अस्तरात घाईघाईने नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या गळक्या असतात, त्यामुळे लायपोसोमसारखे (चरबीच्या पातळ पडद्याचे पोकळ फुगेच) कण तिथे बाहेर झिरपतात आणि तिथल्या मॅक्रोफेज, म्हणजे बाहेरचं काही आलं की गिळून टाकणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, त्यांना गिळतात, म्हणजे जळजळ पेटती ठेवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाचे मोठे कारखाने त्याच आणि औषधही त्यांच्याच पोटात. या भडकलेल्या पेशींवर फोलेट रिसेप्टर बीटा (फोलिक अ‍ॅसिडला पकडणारं प्रथिन) जास्त असतो म्हणून कणाला फोलिक अ‍ॅसिड चिकटवून नेम अजून पक्का करायचा प्रयत्नही झालाय.

निदानात आयर्न ऑक्साइडचे कण वापरतात, मॅक्रोफेजनी ते गिळले की एमआरआयमध्ये सूज कुठे आहे ते दिसतं. सोन्याचे नॅनोकण रक्तातल्या अँटी-सीसीपी, म्हणजे या आजाराची खूण असलेल्या, अँटिबॉडी पकडणाऱ्या पट्टीत रंगाचं काम करतात. सोनं इथे नवीन नाही बरं का, फ्रान्सच्या जाक फोरेस्तिए यांनी १९२९ पासून सोन्याचे क्षार या आजारात वापरले होते, पण किडनी आणि त्वचेला ते त्रास द्यायचे.

पेशंटपर्यंत पोचलेलं उदाहरण म्हणजे सर्टोलिझुमॅब पेगॉल, टीएनएफ अडवणारा अँटिबॉडीचा तुकडा, त्याला पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) या पॉलिमरची साखळी जोडल्याने तो रक्तात जास्त टिकतो. अमेरिकेत या आजारासाठी २००९ मध्ये परवानगी मिळाली. याला काटेकोर अर्थाने नॅनो म्हणायचं का यावर वाद घालता येईल, पण बरेच जण यादीत धरतात.

बाकी बरंचसं काम उंदरांवरच आहे आणि तिथले निकाल वाचून हुरळून जाऊ नये. शिरेतून दिलेले बरेच कण लिव्हर आणि प्लीहाच पकडून ठेवतात, काहींच्या शरीरात पीईजीविरुद्धच अँटिबॉडी तयार होतात, आणि हा आजार वर्षानुवर्षांचा असल्याने डोस परत परत द्यावे लागणार, तेव्हा हे कण शरीरात साचतात का हे बघावंच लागतं. सध्या तरी ट्रीटमेंटची सुरुवात बहुतेक वेळा साध्या मेथोट्रेक्सेटनेच होते.