फास्ती आणि ॲनल्स यांत फरक काय?

प्राचीन रोमच्या या दोन्ही नोंदी वर्षानुक्रमे चालतात, म्हणून त्यांची गल्लत होते. ओळखायला एक प्रश्न पुरतो: नोंदीत नुसती नावं आणि दिवस आहेत, की घडलेलंही लिहिलंय?

फास्ती मुळात दिनदर्शिका. न्यायदानाचं काम कोणत्या दिवशी चालेल हे त्यात अक्षरांनी दाखवत: ‘एफ’ असेल तर चालेल, ‘एन’ असेल तर नाही. पुढे कॉन्सलांच्या, म्हणजे रोममध्ये दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, यादीलाही हेच नाव मिळालं. रोमन लोक एरवी वर्ष सांगायचे ते त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांच्या नावांनी, त्यामुळे यादीशिवाय जुन्या करारपत्राचा काळ लावणंच अवघड. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात संगमरवरावर कोरलेली अशी यादी 16 व्या शतकात रोमच्या फोरममध्ये, म्हणजे जुन्या मुख्य चौकात, सापडली. ऑगस्टसचा प्रतिस्पर्धी मार्क अँटनी याचं नाव तीत आधी खोडलेलं आणि नंतर पुन्हा कोरलेलं दिसतं. नुसत्या नावांच्या यादीतही सत्तेचा हात असा पोचतो, म्हणून मला हा दगड फार मोलाचा वाटतो.

ॲनल्सचं मूळ मुख्य पुरोहिताच्या पांढऱ्या फळीत. वर्षभरातल्या घटना तो तिच्यावर लिहून लोकांसमोर ठेवी. आपली जेधे शकावली याच जातीची: आधी साल, मग घडलेलं. धान्य किती वेळा महागलं, ग्रहण कधी लागलं, असली फळीवरची माहिती आपल्याला लिहायची नाही, असं रोमन इतिहासकार थोरल्या केटोने बजावलं होतं. पण 1929 मध्ये मार्क ब्लॉक आणि ल्युसियाँ फेव्र या फ्रेंच इतिहासकारांनी स्ट्रासबुर्गमध्ये ‘अनाल’ (‘ॲनल्स’चंच फ्रेंच रूप) नावाचं नियतकालिक काढलं, आणि त्याभोवती जमलेल्या इतिहासकारांनी राजे-लढाया मागे सारून धान्याचे भाव, शेती, हवामान यांचाच अभ्यास केला. केटोने टाकून दिलेलं त्यांनी उचललं, हे मला या साऱ्या कथेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एरवी आज ‘ॲनल्स’ हे नाव बरंच सैल झालंय. गणिताच्या संशोधनपत्रिकेला ते आहे, पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या पत्रिकेलाही. आत वर्षवार घटना शोधू नयेत.

फास्तीचा अर्थ त्यामानाने टिकला. जॉन ल नीव्हने 1716 मध्ये इंग्लंडच्या चर्चमधल्या पदाधिकाऱ्यांची फास्ती छापली, ह्यू स्कॉटने 19 व्या शतकात स्कॉटलंडच्या धर्मोपदेशकांची. कोण, कुठे, कधीपासून कधीपर्यंत, एवढंच पाहायचं असेल तर आजही संशोधक त्याच उघडतात. ‘फास्ती ऑनलाइन’ या संकेतस्थळावर मात्र माणसं नाहीत, पुरातत्त्वीय उत्खननांच्या हंगामवार नोंदी आहेत.