डबल बेसवर ‘एका बोटाला एक अर्धस्वर’ चालत नाही

बेस गिटारवरून डबल बेसकडे (उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) वळणाऱ्यांना हमखास सांगितलं जातं: चार बोटं, चार अर्धस्वर (एकेका सगळ्यात लहान अंतरावरचे लगतचे स्वर), मेजर स्केल (बिलावल थाटासारखी सात स्वरांची पाश्चात्त्य सरगम) याच हिशेबाने घोटा. खालच्या स्वरांसाठी हा सल्ला चुकीचा आहे आणि मनगटाला महागात पडतो.

बेस गिटारची तार साधारण ८६ सेंटीमीटर, डबल बेसची १०५च्या आसपास. खालच्या एफ या स्वरापासून चार अर्धस्वरांवर चार बोटं ठेवायची तर पंजा जवळपास १६ सेंटीमीटर फाकवावा लागतो. करंगळी आखडते, सूर उतरतो. म्हणूनच व्हिएन्नाचे डबल बेस वादक-शिक्षक फ्रान्झ सिमांडल यांच्या पद्धतीत इथे तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढीच वापरतात. अनामिका करंगळीला जोर देते.

एफपासून सुरू होणारी मेजर स्केल, म्हणजे एफ मेजर, वाजवून बघा. ई तारेवर एफ तर्जनीने, जी करंगळीने. मग मोकळी, म्हणजे बोटाने न दाबलेली, ए तार, तिच्यावर बी फ्लॅट तर्जनीने, सी करंगळीने. पुढे मोकळी डी, तिच्यावर ई मधल्या बोटाने, वरचा एफ करंगळीने. हात जागचा हललासुद्धा नाही! शिवाय सूर तपासायला मोकळ्या तारा आयत्या मिळतात.

वरच्या स्वरांत, अंगठा तारेवर येतो तिथे, अंतरं आक्रसतात आणि अनामिका कामाला लागते. खालीही चारही बोटं वापरणारे वादक आहेत, पण त्यातले बरेच जण पंजा ताणून धरत नाहीत, अंगठ्याच्या आधारावर हात झुलवतात.