एनडीए कॅडेटची डिग्री आणि वरखर्च (बेळगाव सीमाभाग)

एनडीए म्हणजे नॅशनल डिफेन्स अकॅडमी, पुण्याजवळ खडकवासल्याला आर्मी, नेव्ही आणि एअरफोर्सच्या होणाऱ्या ऑफिसरांना एकत्र घडवणारी संस्था. तिथं पोरं-पोरी नक्की काय शिकतात, कुठली डिग्री मिळते आणि पहिले पैसे हातात पडेपर्यंत घरच्यांच्या खिशातून काय जातं, एवढ्यापुरती ही नोंद आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी ह्या पट्ट्यात फौज काही नवीन नाही, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे, गल्लीत एकतरी रिटायर्ड सुभेदार असतोच आणि भरतीला किती मिनिटांत किती पळायचं हे शेंबड्या पोराला पण पाठ असतंय. पण ऑफिसर एन्ट्री म्हटलं की सगळं धुकं. दोन वाक्यं हमखास कानावर येतात, एक "तिथं सगळं फुकट" आणि दुसरं "लागला की छप्पन हजार चालू". दोन्ही अर्धी अर्धी खरी आहेत आणि उरलेल्या अर्ध्यातच घरच्यांची गडबड होते.

संस्था १९४९ च्या जानेवारीत डेहराडूनला जॉइंट सर्व्हिसेस विंग म्हणून सुरू झाली आणि १९५५ ला खडकवासल्याला आली. ट्रेनिंग तीन वर्षांचं, सहा टर्मचं. त्यानंतर आर्मीवाले एक वर्ष डेहराडूनच्या आयएमएला (इंडियन मिलिटरी अकॅडमी), नेव्हीवाले केरळात एळिमलाच्या नेव्हल अकॅडमीला, एअरफोर्सवाले हैदराबादजवळ दुंडिगलच्या एअरफोर्स अकॅडमीला जातात.

पीयूसीला काय घेतलं त्यावर पुढचं

इथं बारावी कोणी म्हणत नाही, पीयू सेकंड इयर म्हणतात, आणि डिग्रीच्या विषयांचा प्रश्न खरं तर तिथंच अर्धा सुटतो. आर्मी विंगसाठी आर्ट्स, कॉमर्स, सायन्स काहीही चालतं. नेव्ही आणि एअरफोर्सला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही लागतात. म्हणजे एसएसएलसीनंतर (दहावीनंतर) "सायन्स झेपणार नाही" म्हणून आर्ट्स घेतलेल्या पोरानं विमानाचं स्वप्न बघायचं असेल तर ते तिथंच संपलं, पण एनडीए नाही संपली, आणि हे त्याला सांगणारं कोणी नसतं. फक्त एक मेख आहे, लेखी परीक्षेत मॅथ्सचा ३०० मार्कांचा पेपर सगळ्यांनाच असतो (जनरल अॅबिलिटी ६०० चा, आणि एसएसबी, म्हणजे ऑफिसर निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत, ९०० ची वेगळी), त्यामुळं आर्ट्स घेतलं तरी गणिताची वही बंद करून चालत नाही. परीक्षा वर्षातनं दोनदा यूपीएससी घेते, फी १०० रुपये, मुलींना आणि एससी-एसटीवाल्यांना तीही नाही, आणि वडील जेसीओ (सुभेदार वगैरे) किंवा खालच्या रँकवर असले तरी माफ, जे आमच्या भागात बऱ्याच जणांना लागू होतं. इकडची पोरं लेखीला सहसा धारवाड सेंटर टाकतात. २०२५ च्या पहिल्या परीक्षेत आर्मीच्या २०८, नेव्हीच्या ४२ आणि एअरफोर्सच्या १२० जागा होत्या, नेव्हल अकॅडमीच्या ३६ वेगळ्या. ह्यात राज्याचा कोटा नाही, महाराष्ट्र दावा सांगतो त्या ८६५ गावांचा दाखला नाही, कानडी-मराठी नाही, सीमाभागातला माणूस पहिल्यांदाच असा फॉर्म भरतो जिथं तू नेमका कुणाचा हे कोणी विचारत नाही.

डिग्री

तीन वर्षं झाली की दिल्लीच्या जेएनयूची डिग्री मिळते. हो तीच जेएनयू, हे ऐकून आमच्याकडचे काही काका दचकतात. आर्मीच्या कॅडेटना स्ट्रीमप्रमाणे बीए, बीएस्सी किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स. नेव्हीच्या कॅडेटना बीटेक, एअरफोर्सला बीटेक किंवा बीएस्सीचे प्रकार. बीटेक चार वर्षांचं असतं आणि चौथं वर्ष खडकवासल्याला होतच नाही, ते पुढच्या अकॅडमीत पूर्ण होतं, हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत येणारे.

बीएवाल्यांना इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, इंग्रजी असे विषय, सायन्सवाल्यांना नेहमीचं फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स. पण नुसतं तेवढंच नाही, मिलिटरी स्टडीज आणि जनरल स्टडीज हा फाउंडेशनचा भाग सगळ्यांना कंपल्सरी, त्यात युद्धांचा इतिहास, शस्त्रं, लष्करी भूगोल, युद्धकाळातले कायदे असलं सगळं येतं. वर एक फॉरेन लँग्वेज असते, अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन असे ऑप्शन. आता बेळगावचं पोरगं घरी मराठी, दुकानात कानडी, शाळेत इंग्रजी आणि टीव्हीवर हिंदी असं वाढलेलं असतं, त्याच्यावर ही पाचवी. उत्तरेकडच्या कोर्समेटपेक्षा ही पोरं भाषेला घाबरत नाहीत असं माझं मत आहे, पण त्याचबरोबर मराठी माध्यमातनं एसएसएलसी करून आलेल्यांना पहिल्या टर्मला इंग्रजीतली लेक्चरं जड जातात हेही खरंय, अभ्यास अवघड असतो म्हणून नाही, पहाटेपासनं पीटी, ड्रिल, सायकल असं पळून वर्गात बसलं की डोळा लागतो म्हणून. शिकवणारे बहुतेक सिव्हिलियन प्राध्यापक असतात, प्रिन्सिपल पण सिव्हिलियन, आणि त्यांना ह्या पेंगणाऱ्या पोरांची सवय असते म्हणे.

अॅकॅडमिक्स म्हणजे तोंडी लावायला असतंय असा समज मात्र डोक्यातनं काढायचा. विषय राहिले की रेलिगेशन, म्हणजे खालच्या कोर्सबरोबर परत सहा महिने. सीनिऑरिटी गेली, कोर्समेट पुढं गेले, आणि घरच्यांच्या हिशेबात महिना ३००० धरले तरी अजून १८,००० वाढले.

वरखर्च

"सगळं फुकट" ह्यातलं फुकट काय ते आधी: राहणं, जेवण, युनिफॉर्म, पुस्तकं, ट्रेनिंग आणि दवाखाना, हे सरकारचं. घोडा पण सरकारचाच. घरच्यांचं काय, तर पॉकेट मनी आणि खाजगी खर्च. यूपीएससीच्या जाहिरातीत तो साधारण महिना ३००० च्या वर जाणार नाही असं लिहिलेलं असतं. आणि हे पैसे सावकाश पाठवायचे नसतात, जॉइन होतानाच पाच महिन्यांचे १५,००० जमा करायचे, त्याच्याबरोबर कपडे-सामानाचे, ग्रुप इन्शुरन्सचे आणि पहिल्या टर्मच्या किरकोळ खर्चाचे वेगळे, अलीकडच्या जाहिरातींत हा एकूण आकडा साठ हजारांच्या वर गेलेला दिसतो. आकडे बदलत असतात, त्या वर्षीचं जॉइनिंग लेटर बघूनच पैशाची सोय करायची, शेजाऱ्याच्या पोराचं जुनं लेटर बघून नव्हे.

ज्या घराचं उत्पन्न महिना साधारण २१ हजारांच्या आत आहे त्यांना महिना १००० ची सरकारी मदत मिळू शकते, आणि घरातली दोन पोरं एकाच वेळी ट्रेनिंगला असली तर दोघांनाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, म्हणजे आमच्या भाषेत डीसी ऑफिसमार्फत, पडताळणी होऊन कमांडंटकडं जातो. इथं सीमाभागाची खास गंमत अशी की उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतनं (इथलं महसूल ऑफिस) कानडीत येतो, पुढं तो वाचणार कोण, मग इंग्रजी भाषांतर, नोटरी, परत शिक्का. आमच्या भाच्याच्या वेळी ह्याच कागदासाठी एका ऑफिसात (कुठल्या ते सोडा) चार फेऱ्या झाल्या आणि साहेब प्रत्येक वेळी जेवायला गेलेले. ज्यांना लागू होतंय त्यांनी मेरिट लिस्टची वाट न बघता एसएसबी पास झाल्या झाल्या दाखला काढून ठेवावा.

स्कॉलरशिप पण आहेत, बऱ्याच राज्य सरकारांच्या आपापल्या कॅडेटसाठी. जाहिरातीच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात परशुरामभाऊ पटवर्धनांच्या नावाची एक आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या कॅडेटसाठी, म्हणजे अगदी आमच्यासाठीच केल्यासारखी, तासगावकर पटवर्धनांचं नाव ह्या भागाला नवीन नाही. आणखी एक कर्नल केंडल फ्रँक मेमोरियल, माजी सैनिकाच्या मराठा मुलाला, जुन्या जाहिरातींत वर्षाला ३६० रुपये. वर्षाला. म्हणजे महिना तीस. ज्या काळात ठरली तेव्हा मोठी असणार, आता त्यात एक मिसळ येत नाही, पण मिळाली तर नाव लागतं.

महिन्याचे ३००० जातात कुठं? न्हावी, धोबी, मोची, शिंपी. बूट पॉलिश आणि ब्रासो इतकं लागतं की साबणाच्या आधी ते संपतं. सायकल तिथं जीव की प्राण, तिचं काही मोडलं की ते बघा. कँटीनचं खाणं, कारण मेसमध्ये जेवण भरपूर असलं तरी ज्युनियर टर्मच्या पोराला शांतपणे खायला मिळतंच असं नाही आणि भूक राक्षसासारखी लागते. स्क्वाड्रनचे (कॅडेटांच्या तुकडीचे) टी-शर्ट, फोटो, सीनियरांचे फेअरवेल, असली छोटी छोटी वर्गणी. आणि रविवारची लिबर्टी, म्हणजे पुण्यात जायची परवानगी, एका लिबर्टीत चौघं मिळून जेवायला बसले की आठवड्याचा हिशेब गेला. लिबर्टी ज्युनियरांना कमीच मिळते, त्यामुळं पहिल्या वर्षी पैसे उरतात आणि तिसऱ्या वर्षी घरी फोन येतो.

जाण्याआधीची खरेदी वेगळी. पत्र्याची काळी पेटी, कुलपं, पांढरे बूट, मोजे, बनियन अशी यादी येते. भाच्याची पेटी खडेबाजारात घेतली, नाव घालायला दिली तर पेंटरनं सवयीप्रमाणं सुंदर मराठीत रंगवलं, मग ते टर्पेंटाइननं पुसून इंग्रजीत, पुसलेल्याचा राखाडी डाग तीन वर्षं तसाच होता आणि पोरं त्याला डागवाली पेटी म्हणूनच ओळखायची. वहिनींनी दोन किलो कुंदा बांधून दिला होता, तो पहिल्या रात्री सीनियरांनी संपवला, हा पण खर्चच.

येण्याजाण्याचं म्हणाल तर बेळगावकर नशीबवान, पुणे हायवेनं साडेतीनशे किलोमीटरच्या आत, रात्रीच्या बसेस आहेत, आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून हुबळी-पुणे वंदे भारत पण बेळगावला थांबते. टर्म ब्रेकला मणिपूरचं पोरगं तीन दिवस रेल्वेत असतं तेव्हा आपलं पोरगं घरी आंघोळ करून झोपलेलं असतं.

छप्पन हजारांचं प्रकरण

५६,१०० रुपये महिना हा स्टायपेंड आहे आणि तो खरा आहे, पण तो एनडीएत नाही. तो पुढच्या टप्प्याला, म्हणजे आर्मीवाल्यांना आयएमएच्या वर्षाला सुरू होतो, एअरफोर्सच्या फ्लाइट कॅडेटना त्यांच्या अकॅडमीत. खडकवासल्याच्या तीन वर्षांत कॅडेटला पगार शून्य, उलट घरनं येतात. बेळगावातल्या एका क्लासवाल्यांनी आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला "दुसऱ्या महिन्यापासून पगार" असं सांगून फी घेतली होती, त्यानं त्या भरवशावर ट्रॅक्टरचा हप्ता ठरवला, पुढचं काय सांगायचं. तीन वर्षांचे पॉकेट मनीचे १,०८,०००, सुरुवातीचं डिपॉझिट, येणंजाणं असा हिशेब धरून चालायचं. खाजगी इंजिनिअरिंगच्या मॅनेजमेंट सीटपुढं हे काहीच नाही, फक्त आधी माहीत पाहिजे. बाँडवर पण सही असते, मनानं ट्रेनिंग सोडून आला तर खर्च वसूल होतो.

मुली

२०२१ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर मुलींना परीक्षा देता आली, २०२२ च्या ऑगस्टमध्ये १९ जणी आत गेल्या आणि ३० मे २०२५ ला १७ जणी पास आउट झाल्या. डिग्रीचे विषय तेच, खर्च तोच. कित्तूरला राणी चन्नम्मांच्या नावाची मुलींची सैनिकी शाळा कधीपासनं आहे, तिथल्या पालकांना आता विचारायला एक नवा प्रश्न मिळालाय. मुलांसाठी बेळगावचं राष्ट्रीय मिलिटरी स्कूल (१९४५), विजापूरचं सैनिक स्कूल (१९६३) आणि साताऱ्याचं (१९६१) ही ह्या भागातल्यांची ठरलेली वाट.

शेवटचा दिवस

पासिंग आउट परेडच्या आदल्या दिवशी हबीबुल्ला हॉलमध्ये कॉन्व्होकेशन असतं. तेव्हा घरचे सहा-सात जण जीप करून पुण्यात, त्या आठवड्यात खडकवासल्याच्या बाजूचे लॉज महाग झालेले, म्हणून आत्याच्या सासरच्या कोणाकडं तरी सिंहगड रोडला मुक्काम. बीए, बीएस्सीवाल्यांच्या हातात डिग्री पडते. बीटेकवाल्यांना तीन वर्षं पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट मिळतं, डिग्री पुढच्या वर्षी. भाचा नेव्हीचा, त्यामुळं गावात परत आल्यावर पंधरा दिवस सगळ्यांना हेच समजावत बसलो की तो नापास झालेला नाही.