एमटीआरमधला मधल्या हॉपचा लॉस आणि शेवटचा लॉस: दोन्ही एकच समजू नका

संध्याकाळी आठनंतर जुळे सोलापूर असो की विडी घरकुल, ब्रॉडबँड ऑपरेटरच्या फोनवर एकाच छापाचे स्क्रीनशॉट येऊन पडतात. एमटीआर या इंटरनेटची वाट तपासणाऱ्या साधनाचा तक्ता (एका ओळीत वाटेतला एक राउटर, म्हणजे एक हॉप), तिसऱ्या ओळीभोवती लाल गोल आणि खाली, ‘अहो, तुमच्या राउटरवर ६० टक्के पॅकेट लॉस आहे, कधी नीट करणार?’ त्याच तक्त्याच्या शेवटच्या ओळीत, म्हणजे मुक्कामाच्या सर्व्हरसमोर, लॉस (पॅकेट म्हणजे डेटाच्या तुकड्यांपैकी किती हरवले याचा टक्का) शून्य असतो. ती ओळ कोणी बघत नाही. कित्येकदा तर स्क्रीनशॉटमध्ये ती कापलेलीच असते.

घरगुती ग्राहकाने असं केलं तर समजू शकतं. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांत आयटी सांभाळणारी, नेटवर्किंगचे कोर्स केलेली मंडळीही हेच करतात. वरच्या प्रोव्हायडरकडे (ऑपरेटर ज्याच्याकडून इंटरनेट घेतो त्याच्याकडे) तक्रारीचं तिकीट जातं, तिथे दोष सापडत नाही म्हणून ते बंद होतं आणि खरा बिघाड जागच्या जागी राहतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

ट्रेसराउट, म्हणजे पॅकेट कोणकोणत्या राउटरवरून जातं ते दाखवणारं जुनं साधन, तुम्हाला निदान ऐकून माहीत आहे असं धरून चालतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस व्हॅन जेकबसन यांनी स्टीव्ह डीअरिंग यांच्या सूचनेवरून तो लिहिला. पॅकेटचा टीटीएल (किती हॉप जगायचं याचा आकडा, प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो) एक ठेवला की पहिला राउटर ते टाकून देतो आणि ‘वेळ संपली’ असा आयसीएमपी (नेटवर्कवरचे त्रुटी आणि तपासणीचे निरोप नेण्याची पद्धत) निरोप परत पाठवतो. टीटीएल दोन ठेवला की दुसरा राउटर तेच करतो. अशी वाट एकेक हॉपने उलगडत जाते. लिनक्सवर तो मुळात यूडीपी या साध्या पॅकेटप्रकाराने, ३३४३४ पासूनच्या पोर्टवर जातो आणि विंडोजचा ट्रेसर्ट आयसीएमपी एकोने, म्हणजे पिंगच्याच पॅकेटने. म्हणून दोघांचे निकाल कधीकधी वेगळे दिसतात. त्यावर डोकं शिणवू नका.

एमटीआर मॅट किंबल यांनी १९९७ मध्ये लिहायला घेतला. ऑक्टोबर १९९८ पासून देखभाल रॉजर वुल्फ यांच्याकडे गेली. सी भाषेतला, जीपीएल या मुक्त परवान्याखालचा हा कोड आजही गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर पुढे सरकतो आहे. मधल्या काळात किंबल पुन्हा कामाला लागले आणि कच्चं (प्रोग्रॅमने स्वतःच रचलेलं) पॅकेट पाठवण्याचा भाग ‘एमटीआर-पॅकेट’ नावाच्या छोट्या स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये काढला गेला. विशेष परवानगी आता फक्त त्या छोट्या तुकड्याला द्यावी लागते, स्क्रीनवर तक्ता रंगवणाऱ्या सगळ्या कोडला नाही. सुरक्षेच्या दृष्टीने मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

ट्रेसराउट प्रत्येक हॉपला तीन पॅकेट पाठवून थांबतो, एमटीआर फेऱ्यांवर फेऱ्या करतो आणि आकडेवारी ठेवतो. वरवरचा फरक एवढाच. खरी गफलत या आकडेवारीतूनच सुरू होते. ट्रेसराउटमध्ये उत्तर आलं नाही की तारा दिसतो. ताऱ्याकडे बघून कोणी भांडायला येत नाही. एमटीआर त्याच ताऱ्यांची टक्केवारी काढतो, तिला ‘लॉस’ म्हणतो आणि टक्का दिसला की माणसाला वाटतं, तो राउटर इतकी पॅकेट खातो.

तसं नसतं. मधल्या हॉपसमोरचा लॉसचा आकडा एवढंच सांगतो की, त्या राउटरला उद्देशून टीटीएल संपवलेल्या पॅकेटांपैकी किती पॅकेटांचं उत्तर तुमच्यापर्यंत आलं नाही. पुढे जायला निघालेल्या पॅकेटांचं त्याने काय केलं, हे त्या ओळीत नाहीच. ते बघायचं असेल तर त्याच्या खालच्या ओळी बघाव्या लागतात.

एक तक्ता समोर ठेवू. १०० फेऱ्या झाल्या आहेत. पहिला हॉप घरातला राउटर, लॉस ०. दुसरा ऑपरेटरचा, ०. तिसरा वरच्या प्रोव्हायडरचा, ६०. चौथा ०, पाचवा ०, शेवटचा मुंबईतला सर्व्हर, तोही ०. आता चौथ्या हॉपला पाठवलेली १०० पॅकेट कुठून गेली? तिसऱ्यातूनच. सर्व्हरची १०० कुठून गेली? तीही तिसऱ्यातूनच. तिसरा खरोखर १०० मधली ६० गिळत असता, तर चौथ्या, पाचव्या आणि शेवटच्या ओळीत ६० च्या आसपासचाच आकडा दिसला असता. वाटेत हरवलेलं पॅकेट पुढच्या हॉपवर आपोआप परत येत नाही. सावळेश्वरच्या टोलनाक्यावरचा माणूस फोन उचलत नाही म्हणून पुण्याची एसटी नाक्यावरच अडकली, असं आपण म्हणत नाही. ती पुढे मोहोळला दिसली की विषय संपतो.

मग तिसरा उत्तर का देत नाही? राउटरमध्ये दोन वेगळी कामं चालतात. पॅकेट इकडून तिकडे ढकलण्याचं काम खास चिप करते, अतिशय वेगाने. टीटीएल संपलेलं पॅकेट मात्र बहुतेक मोठ्या राउटरवर साध्या प्रोसेसरकडे जातं. तो प्रोसेसर बीजीपी (नेटवर्कांमधली मार्गांची देवाणघेवाण) सांभाळत असतो, मार्गांचे तक्ते बनवत असतो. त्याच्यावर अशा फुटकळ उत्तरांचा भार पडू नये म्हणून मर्यादा मुद्दाम लावलेली असते. आयपीव्ही-६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीत तर २००६ च्या आरएफसी ४४४३ या इंटरनेट-मानकाने आयसीएमपी त्रुटी-निरोपांवर अशी मर्यादा बंधनकारकच केली आहे. लिनक्सही आपण होऊन एका पत्त्याला असे निरोप साधारण सेकंदाला एकापुरतेच पाठवतो. म्हणजे तिसऱ्या ओळीतले ६० टक्के हे बहुतेक वेळा नीट सेटिंग केलेल्या राउटरचं लक्षण असतं.

राउटरभर एकच मर्यादा असेल, तर ती सगळ्यांत वाटली जाते, हेही लक्षात घ्या. रात्री गेम अडखळला की एकाच भागातली पोरं एकाच वेळी एमटीआर लावून बसतात. सगळ्यांची वाट त्याच राउटरवरून जाते, त्यामुळे उत्तरांचा कोटा आणखी लवकर संपतो आणि प्रत्येकाच्या तक्त्यात त्या ओळीतला लॉस वाढतो. तपासणाऱ्यांच्या गर्दीने तो आकडा फुगतो, लाईन तशीच असते.

तक्त्यातल्या वेळेच्या आकड्यांनाही (उत्तर यायला किती वेळ लागला) हाच न्याय. तिसऱ्या हॉपला १८० मिलिसेकंद आणि चौथ्याला ११, तर तिसऱ्याने उत्तर लिहायला उशीर केला, एवढंच. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. सोलापूर ते मुंबई साधारण ४०० किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन किमान ४ मिलिसेकंद लागतात आणि केबलची वळणं, उपकरणं धरून ११ अगदी सुदृढ आकडा आहे.

खरा लॉस कसा दिसतो? तो सुरू होतो आणि शेवटपर्यंत टिकतो. पहिले तीन हॉप ०, चौथा १२, पाचवा ११, सहावा १३, शेवटचा १२. इथे बोट चौथ्या ओळीवर ठेवा: बिघाड तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या दुव्यात किंवा चौथ्यातच असण्याची शक्यता मोठी. सगळ्यांत फसवा तक्ता मिश्र असतो: तिसरा ६०, चौथा ०, पाचव्यापासून शेवटपर्यंत ४. लोक ६० वर तुटून पडतात. खरे ते ४ टक्के, आणि कॉलवरचा आवाज तुटायला तेवढे भरपूर होतात. लॉस पहिल्याच हॉपपासून शेवटपर्यंत टिकला असेल, तर ऑपरेटरला फोन करण्याआधी लॅपटॉपला लॅन केबल लावून पुन्हा बघा. वाय-फायवरून काढलेला रिपोर्ट मी वाचायलाच घेत नाही.

शेवटच्या ओळीलाही एक अपवाद आहे. साइट व्यवस्थित उघडते आणि तक्त्यात मात्र शेवटी १०० टक्के लॉस, तर समोरच्या फायरवॉलने (नको ती पॅकेट अडवणाऱ्या पहारेकऱ्याने) आयसीएमपी अडवलेलं असतं. तेव्हा एमटीआरला टीसीपी मोडमध्ये, ४४३ पोर्टवर, म्हणजे साइट ज्या दाराने उघडते त्याच दाराने चालवा. आणि उत्तराची वाट जाण्याच्या वाटेपेक्षा वेगळी असू शकते, हे तर तक्ता कधीच दाखवत नाही. पाचव्यापासून दिसणारा लॉस पाचव्याकडून परत येणाऱ्या वाटेवरचाही असू शकतो. त्याचा निकाल लागतो समोरून तुमच्या पत्त्यावर काढलेल्या उलट्या रिपोर्टनेच.

आता माझे आग्रह. फेऱ्या किमान १००. रिपोर्ट मोड (ठरावीक फेऱ्या करून निकाल मजकुरात देणारा) आपण होऊन दहाच फेऱ्या करतो. दहात एक पॅकेट गेलं की १० टक्के दिसतं आणि त्यावर लोक तासभर वाद घालतात. नाव आणि आयपी पत्ता दोन्ही दाखवणारा पर्याय निवडा, कारण राउटरच्या नावात शहराचं नाव असलं म्हणून तो त्याच शहरात असतो असं नाही. स्क्रीनशॉट नको, पूर्ण मजकूर पाठवा.

साधनांनीही थोडं पुढे यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. रस्ट भाषेत लिहिलेला ट्रिपी हा मुक्त स्रोत प्रकल्प याच दिशेने गेला आहे. पुढे जातानाचा लॉस आणि मागे येतानाचा लॉस यांचा अंदाज बांधून तो वेगळे स्तंभ दाखवू शकतो. तो अंदाजच आहे, पुरावा नव्हे. पण नवशिक्याची नजर तिसऱ्या ओळीवर खिळू नये यासाठी तेवढाही उपयोगाचा आहे. रोजच्या कामाला मी अजून एमटीआरच वापरतो, कारण तो जवळपास प्रत्येक लिनक्स वितरणात तयार मिळतो आणि त्याचा रिपोर्ट समोरच्या इंजिनिअरला वाचता येतो.

तर तक्रार करताना ऑपरेटरला एवढं द्या: त्रास चालू असतानाचा १०० फेऱ्यांचा रिपोर्ट, त्रास नसतानाचा तसाच दुसरा, दोन्हींची वेळ, तुमचा सार्वजनिक आयपी पत्ता, आणि शेवटच्या ओळीतला आकडा पहिल्या वाक्यात.